साडी, दुर्बीण, किल्ली आणि टोपी

गेल्या अंकातील टिपणात मी असे लिहिले होते की, चांगल्या चित्रपटात दिग्दर्शक स्वतः कुठे दिसत नाही, पण त्याचा हात मात्र प्रत्येक दृश्यावरून फिरलेला असतो. या एका वाक्यावर वाचकांची इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्यांनाच देणे मला योग्य वाटले. काही पत्रे संमतीची आहेत, काही स्पष्ट विरोधाची आहेत. सहा पत्रे निवडून त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपण वारंवार लिहिता की, दिग्दर्शकाचा हात ओळखता आला पाहिजे. मी पन्नास वर्षे चित्रपट पाहते आहे, पण मला कथा दिसते, नट-नट्या दिसतात, गाणी लक्षात राहतात. दिग्दर्शक नेमका कुठे पाहायचा? आमच्यासारख्या सामान्य प्रेक्षकांना जमेल असा काही मार्ग आहे का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : कथा आणि नट पाहण्यात काहीही चुकीचे नाही, दिग्दर्शकालाही आपण तेच पाहावे असे वाटत असते. तरीही आपण मार्ग विचारला आहे म्हणून माझा मार्ग सांगतो. चित्रपटातील एखादी साधी, घरगुती वस्तू हेरावी आणि तिचा माग काढावा. ती कोणाच्या हातात जाते, कोणत्या वेळी दिसते, कोणत्या वेळी दिसेनाशी होते, एवढेच पाहत राहावे. संवाद लेखकाचे असतात, चेहरा नटाचा असतो, पण ती वस्तू त्याच क्षणी आपल्या डोळ्यांपुढे आणायची की नाही, हा निर्णय बहुतेक वेळा दिग्दर्शकाचा असतो.

सत्यजित राय यांचा 1964 सालचा 'चारुलता' घ्या. रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड' या कथेवर तो आधारलेला आहे आणि 1879 सालच्या कोलकात्यातील एका सधन घरात घडतो. सुरुवातीच्या काही मिनिटांत जवळजवळ संवादच नाहीत. माधवी मुखर्जी यांनी साकारलेली चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर भरते, कपाटातून एक पुस्तक काढते, चाळते आणि कंटाळून ठेवून देते. मग नाटक पाहताना वापरतात तशी दांड्याची छोटी दुर्बीण उचलते आणि एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे जात, झडपांच्या फटींतून रस्त्यावरची माणसे पाहत राहते. बाहेरचे जग तिला पाहायला मिळते ते एवढेच. इतक्यात तिचा नवरा भूपती पुस्तकात डोके घालून शेजारूनच निघून जातो. बायको तिथे उभी आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. चारू दुर्बीण डोळ्यांना लावते आणि पाठमोऱ्या नवऱ्याकडे पाहते. हाताच्या अंतरावरून गेलेला माणूस पाहायला तिला दुर्बीण लागते! एक शब्दही न बोलता त्या संसाराची सगळी हकिगत आपल्याला कळून चुकते. पुढे बागेत झोक्यावर बसलेली चारू हीच दुर्बीण दिरावर, म्हणजे लिहिण्यात गुंगलेल्या अमलवर रोखते, तेव्हा आपला जीव धसकतो, कारण ती वस्तू काय सांगते हे राय यांनी आपल्याला आधीच शिकवून ठेवलेले असते.

दुसरे उदाहरण त्यांच्याच 'पथेर पांचाली'चे, 1955 सालचे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतील चित्रपट दाखवत असत, तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला. मुलगी दुर्गा वारल्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिचा बाप हरिहर गावी परततो. घरात काय घडले याची त्याला कल्पना नाही. तो हौसेने आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोपुढे ठेवतो. पोळपाट-लाटणे, लक्ष्मीची तसबीर, आणि मग दुर्गेसाठी घेतलेली साडी. इतका वेळ दगडासारखी बसलेली सर्वजया ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचा आक्रोश मात्र आपल्या कानांवर पडत नाही. त्याच्या जागी तारशहनाई या वाद्याचा आर्त सूर येतो. माझी आई ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती दाराच्या चौकटीला टेकून ते दृश्य संपेपर्यंत तशीच उभी राहिली. तिला बंगालीचा एक शब्द येत नव्हता आणि पडद्याखालची इंग्रजी अक्षरेही वाचता येत नव्हती. साडीचा अर्थ तिला कोणी सांगावा लागला नाही.

आपण मार्ग विचारलात, तो आपल्याकडे आधीपासून आहेच. फक्त पुढचा चित्रपट पाहताना एखादी साडी, एखादी दुर्बीण नजरेआड होऊ देऊ नका.

प्रश्न : आल्फ्रेड हिचकॉक यांना थोर दिग्दर्शकांच्या पंक्तीत बसवले जाते, ते मला पटत नाही. त्यांचे चित्रपट खिळवून ठेवतात हे खरे, पण रहस्य एकदा कळले की पुन्हा पाहण्यासारखे त्यांत काय उरते? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : माझा अनुभव नेमका उलटा आहे. हिचकॉक यांचे चित्रपट रहस्य कळल्यावरच खऱ्या अर्थाने उलगडत जातात, कारण त्यांचा भर मुळात रहस्य दडवण्यावर नाही. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्यांनी हा फरक फार सोपा करून सांगितला आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना ठाऊक नसेल आणि तो एकाएकी फुटला, तर त्यांना काही सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब त्यांना आधी दाखवला आणि टेबलाभोवतीची माणसे हवापाण्याच्या गप्पा मारत बसलेली दाखवली, तर प्रेक्षक कितीतरी मिनिटे श्वास रोखून बसतात.

त्यांचा 1946 सालचा 'नटोरियस' मिळवून पाहा. इंग्रिड बर्गमन यांनी साकारलेली ॲलिशिया हेरगिरीसाठी एका संशयास्पद माणसाशी लग्न करून रिओ दि जानेरो येथील त्याच्या वाड्यात राहते आहे आणि मद्याच्या तळघराची किल्ली तिने त्याच्या जुडग्यातून काढून घेतली आहे. किल्ली मुठीत आहे आणि नवरा समोर येऊन प्रेमाने तिचे हात हातात घेतो. एक मूठ उघडून तो तळव्याचे चुंबन घेतो आणि दुसऱ्या हाताकडे वळतो. त्याच क्षणी ती त्याच्या गळ्यात पडते, किल्ली गालिच्यावर सोडते आणि पायाने हळूच दूर सारते. यानंतर मेजवानीचे दृश्य येते. कॅमेरा वरच्या मजल्याच्या उंचीवरून भरलेला दिवाणखाना दाखवतो आणि एकाच संथ हालचालीत खाली उतरत उतरत ॲलिशियाच्या बंद मुठीपाशी येऊन थांबतो. बोटांच्या फटीतून किल्ली दिसते. शेकडो दिव्यांच्या, दागिन्यांच्या आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या त्या दालनात महत्त्वाची गोष्ट एवढीशीच आहे, हे त्या एका हालचालीने सांगून टाकले. त्यापुढची गंमत अशी की, मेजवानीतील शॅम्पेनच्या बाटल्या भराभर संपत चालल्या आहेत, आणि त्या संपल्या की यजमानाला नव्या बाटल्यांसाठी तळघरात उतरावेच लागणार. घड्याळ न दाखवता, बर्फातील बाटल्यांवरून वेळ मोजायला लावणे याला मी फार वरच्या दर्जाची कला मानतो. हिचकॉक आपल्या चित्रपटांत क्षणभर स्वतः दर्शन देत असत. या चित्रपटात ते त्याच मेजवानीत शॅम्पेन पिताना दिसतात, म्हणजे तेवढी शॅम्पेन आणखी कमी झाली!

मी हा चित्रपट किमान आठ वेळा पाहिला आहे, आणि ती किल्ली गालिच्यावर पडते तेव्हा माझा हात दर वेळी खुर्चीवर आवळला जातो.

प्रश्न : व्ही. शांताराम यांच्या 'संत तुकाराम'विषयी आपण कधीच काही लिहीत नाही. परदेशी दिग्दर्शकांचे कौतुक करताना आपल्या मातीतील माणसांचा विसर पडतो का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी एक दुरुस्ती करतो. 1936 सालचा 'संत तुकाराम' प्रभात फिल्म कंपनीचाच, पण त्याचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. प्रभात म्हटले की शांतारामबापूंचेच नाव तोंडी येते आणि या दोघांवर नकळत अन्याय होतो, म्हणून हे स्पष्ट लिहिले. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सर्वांनाच आठवतो. मला मात्र त्यात गौरी यांची जिजाई अधिक मोठी वाटते. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन, हातात वहाण घेऊन विठ्ठलावर धावून जाणारी ती बाई पडद्यावर आली की भक्तिपटाची सोवळी चौकट मोडते आणि सगळ्या संसाराचा भार डोक्यावर असलेली, आपल्या ओळखीची एक मराठी बाई समोर उभी राहते. दामले-फत्तेलालांनी तुकारामाच्या भक्तीइतकेच तिच्या संतापालाही मानाचे स्थान दिले, यातच त्यांची थोरवी दिसते.

शांतारामबापूंचा चित्रपट निवडायचा तर मी 1937 सालचा 'कुंकू' निवडेन. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलेल्या नीरेची गोष्ट सांगतो आणि त्यात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले आणि त्या रस्त्यावरचे आवाज असतात. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. त्या काळात हा संयम कुठून आला असेल, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. शांता आपटे यांची नीरा रडून दाखवत नाही, नकार देते, आणि तिचा तो नकार सुरावटींनी मऊ न करता दिग्दर्शकाने जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवला आहे. केशवराव दाते यांचा वकीलही खलनायक केलेला नाही. त्याला आपली चूक उमगत जाते आणि ते उमगणे पाहणे फार क्लेशाचे आहे.

मातीचा विसर पडलेला नाही. पुढच्या दोन पत्रांनंतर आपली खात्री पटेल.

प्रश्न : आपल्या आग्रहावरून आमच्या वाचक मंडळात जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू' दाखवला. पूर्वार्ध सर्वांना आवडला, पण नायक मध्येच मरतो आणि पुढे पाऊण तास कार्यालयातील लोक बसून बोलत राहतात. निम्मे सभासद चुळबुळ करू लागले. ही रचनेतील चूक नाही का? (नाशिक)

उत्तर : चूक नाही, आणि हे मी आदराने पण ठामपणे लिहितो, कारण त्या पाऊण तासासाठीच तर हा चित्रपट आहे असे मला वाटते.

आपल्या मंडळाबाहेरील वाचकांसाठी थोडक्यात कथा सांगतो. 1952 सालच्या या चित्रपटात ताकाशी शिमुरा यांनी वातानाबे नावाच्या पालिका अधिकाऱ्याचे काम केले आहे. तीस वर्षे कागदांवर शिक्के मारण्यात गेलेल्या या माणसाला आपल्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते. पहिल्यांदा तो एका रात्री दारू आणि नाचगाण्यात सुख शोधतो. त्या गोंधळात त्याची जुनी टोपी जाते आणि तो एक नवी, जरा छचोर वाटेल अशी टोपी विकत घेतो. अखेर त्याला सुचते की, वस्तीतील बायका ज्या घाण पाण्याच्या डबक्याविषयी अर्ज घेऊन या खात्यातून त्या खात्यात हेलपाटे घालत होत्या, त्या जागी मुलांसाठी बाग करायची. ज्या उपाहारगृहात हे सुचते, तिथून तो घाईघाईने जिना उतरतो आणि वरच्या मजल्यावरील मुले-मुली वाढदिवसाचे गाणे म्हणू लागतात. गाणे जिना चढून येणाऱ्या दुसऱ्याच एका मुलीसाठी असते, पण खरा जन्म कोणाचा होतो आहे हे आपल्याला कळते.

आणि यानंतर लगेच निवेदक सांगतो की, पाच महिन्यांनी आपला नायक वारला. आपल्याला बाग बांधताना पाहायची असते, साहेबांशी झगडताना पाहायचे असते, आणि कुरोसावा आपल्याला तसबिरीपुढे, दुखवट्याला बसलेल्या लोकांत नेऊन बसवतात. उपमहापौर बागेचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि सगळे माना डोलावतात. मग वस्तीतील बायका येतात, धूप लावतात आणि काही न बोलता रडतात. त्या गेल्यावर एकेकाला एकेक प्रसंग आठवू लागतो: कोणाच्या खोलीबाहेर तो तासन्‌तास कसा उभा राहिला, कोणी त्याचा अपमान केला तेव्हा त्याने काय म्हटले. वातानाबेचे मोठेपण आपण त्याला खुजे समजणाऱ्या माणसांच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी ऐकतो. नायकाला सरळ पराक्रम करताना दाखवले असते तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. इथे आपल्याला त्या चटईवर, त्याच बाबूंच्या रांगेत बसावे लागते आणि मनातल्या मनात स्वतःला विचारावे लागते की, तिथे असतो तर आपण काय केले असते. आपल्या सभासदांची चुळबुळ झाली, ती कंटाळ्याची होती याविषयी मला थोडी शंका आहे.

मी वर वस्तूचा माग काढण्याविषयी लिहिले. इथे ती वस्तू म्हणजे ती नवी टोपी. दुखवट्याच्या अखेरीस एक पोलीस बागेत सापडलेली टोपी घेऊन येतो, आता तिच्यावर चिखल आहे. तो सांगतो की, आदल्या रात्री बर्फ पडत असताना हा म्हातारा झोपाळ्यावर बसून गात होता, आणि मला वाटले दारू प्यायला असेल. तेव्हा कुठे आपल्याला ते दृश्य दिसते: रिकामी बाग, भुरभुरणारा बर्फ, हळूहळू हलणारा झोपाळा आणि 'आयुष्य लहान आहे' असे एक जुने गाणे गुणगुणणारा वातानाबे. उत्तरार्धातील ती बोलणी कापली असती तर हा झोपाळा केवळ एक सुंदर चित्र झाला असता.

मंडळात तो पुन्हा दाखवावा अशी माझी विनंती आहे. दुसऱ्या दिवशी कार्यालय कसे चालू होते, तेवढे मात्र या वेळी सर्वांनी नीट पाहावे.

प्रश्न : मी वकिली करतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधील न्यायालय मला खरे वाटले, इतके खरे की चित्रपट कशाला काढला असा प्रश्न पडला. कॅमेरा जागचा हलत नाही. यात दिग्दर्शकाने केले काय? (मुंबई)

उत्तर : रोज न्यायालयात जाणारे आपण 'खरे वाटले' म्हणता, ही या तरुण दिग्दर्शकाला मिळालेली मोठी पावती आहे. त्याने काय केले ते एका दृश्यावरून सांगतो. उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालय रिकामे होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळोखात बुडतो. कॅमेरा तिथेच थांबलेला असतो. प्रेक्षकांना वाटते, संपला चित्रपट. वीरा साथीदार यांनी साकारलेला लोकशाहीर नारायण कांबळे, ज्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा अजब आरोप आहे, तो कोठडीत. आणि न्याय कुलूपबंद. यापुढे दिग्दर्शक आपल्याला न्यायाधीशांबरोबर सहलीला घेऊन जातो. दिवे मालवले तिथेच थांबला असता तर आपण यंत्रणेला दोष देऊन मोकळे झालो असतो. सहल दाखवल्यामुळे ती यंत्रणा कोणत्या माणसांची बनली आहे, त्यांना डुलकी कशी लागते आणि झोपमोड झाल्यावर त्यांचा हात कोणावर उठतो, हेही पाहावे लागते. हलत नसलेला कॅमेरा आपल्याला कुठे पाहावे हे सांगत नाही. मागच्या बाकावर ताटकळणारा पक्षकारही त्याच चौकटीत असतो, आणि त्याच्याकडे आपण आपण होऊन पाहतो की नाही, हे दिग्दर्शकाने आपल्यावर सोपवले आहे.

प्रश्न : आमची मुले तेरा आणि पंधरा वर्षांची आहेत. मराठी समजते, वाचता येत नाही. त्यांना मराठी चित्रपटाविषयी खरी आस्था वाटेल असा एकच चित्रपट सुचवा. विनोदी नको, ते सगळे पाहून झाले. (टोरांटो)

उत्तर : नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. 2013 सालचा हा चित्रपट आपल्या मुलांच्याच वयाच्या जब्याची गोष्ट सांगतो. त्याला वर्गातील एक मुलगी आवडते, नवी जीन्स हवी असते, आणि काळी चिमणी मिळाली तर सगळे जमेल असे वाटते. त्याच्या कैकाडी कुटुंबाला गावातील डुकरे पकडण्याचे काम करावे लागते. 'फँड्री' या शब्दाचा कैकाडी भाषेतील अर्थच डुक्कर असा आहे.

मुलांना आधी काही समजावून सांगू नका. जात म्हणजे काय यावरचे व्याख्यान तर नकोच. अखेरच्या भागात सगळे कुटुंब शाळेच्या आजूबाजूला डुकराच्या मागे धावते आहे, वर्गमित्र भिंतीवर बसून हसत आहेत, आणि डुक्कर हाती लागणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. त्याच्यामागून बाकीचेही, आणि किशोर कदम यांनी साकारलेला, श्रमाने वाकलेला बापही. डुक्कर निवांत चालत निघून जाते. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून नेताना जब्या ज्या भिंतीसमोरून जातो, तिच्यावर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे रंगवलेली आहेत. मंजुळे तिथे थांबत नाहीत, कोणाला बोट दाखवायला लावत नाहीत. माणसे चालत जातात आणि मागे चित्रे दिसतात, इतकेच.

शेवटचा दगड पडद्यावरून थेट आपल्या दिशेने येतो. तेव्हा दिवा लगेच लावू नका. मुले पहिला प्रश्न विचारतील तोवर थांबा, आणि तो प्रश्न मला जरूर कळवा.